माळावर जे दिसत नाही ते : सफारी, कर्नल साइक्स आणि आपला शिरूर-दौंड

रांजणगावात बसून आफ्रिकेतल्या सफारीवर बोलायचे, म्हणजे काहींना गंमत वाटेल. पण ही सफारी आता आपल्यापासून फार लांब राहिलेली नाही. सहल कंपन्यांच्या जाहिरातींत चारधामच्या खालच्या ओळीत मसाई मारा असते. आपल्या भागातलेही लोक जाऊन येतात, उघड्या जीपमधून काढलेले सिंहांचे आणि जिराफांचे फोटो दाखवतात. त्याची थट्टा करायला आम्ही उभे नाही. प्राणी बघावेत, त्यासाठी पैसे साठवावेत, लांब जावं, यात वाईट काहीच नाही.

फक्त एक करा. ते फोटो परत एकदा बघा, आणि या खेपेला सिंहाकडे न बघता सिंहाच्या मागे काय आहे ते बघा. दाट जंगल नाही. मैलोन्मैल गवत आहे, मध्येच बाभळीच्या कुळातलं एखादं झाड आहे, आणि वर मोठं आभाळ. हा देखावा ओळखीचा वाटत नाही का? सुप्याच्या पुढे, पाटसच्या अलीकडे, आपल्याच तालुक्यात कान्हूर मेसाईच्या अंगाला हेच आहे. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, जमीन मुरमाड, दिवाळीपर्यंत गुडघाभर गवत आणि नंतर सगळं पिवळं. तिकडे या भूमीला सॅव्हाना म्हणतात आणि तिकीट लावतात. इकडे आपण तिला माळ म्हणतो आणि कागदावर पडीक लिहितो.

एकाच प्रकारची भूमी एका ठिकाणी डोळे भरून बघायची वस्तू झाली आणि दुसऱ्या ठिकाणी काहीच नाही अशी झाली. हे कसं झालं? हा भूगोलाचा प्रश्न वाटतो, पण उत्तर इतिहासात आहे. आणि शेवटी तो बघण्याचा प्रश्न आहे, म्हणजे आमच्या विषयातला.

शब्दापासून सुरुवात करू. सफारी हा शब्द स्वाहिली भाषेतला. अर्थ साधा, प्रवास. स्वाहिलीत तो अरबीतून आला, आणि त्याच अरबी मुळातून फारसीच्या वाटेने मराठीत ‘सफर’ आला. समुद्राच्या दोन काठांवर एकाच शब्दाची दोन भावंडं. मोसमी वाऱ्यांनी ही ये-जा फार पूर्वीपासून चालवली आहे. माणसांची झाली, तशी पाखरांचीही. आपण ज्याला चातक म्हणतो आणि ज्याच्यावरून पावसाची वाट बघतो, तो पक्षी आफ्रिकेच्या बाजूनेच पावसासोबत येतो. अमूर ससाणा नावाचा लहानसा ससाणा हिवाळ्याच्या तोंडावर भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून, दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातो. म्हणजे या दोन गवताळ मुलखांमधली सफारी पाखरांनी आपल्याआधी सुरू केलेली आहे.

नातं याहून जवळचं आहे. सेरेंगेटीच्या गवतातून एक मोठा, उंच मानेचा, सावकाश चालणारा पक्षी फिरतो. कोरी बस्टर्ड त्याचं नाव. पर्यटक त्याचा फोटो काढतात आणि पुढे सिंह शोधायला जातात. हा पक्षी आपल्या माळढोकाचा सख्खा चुलतभाऊ आहे, शास्त्राच्या वर्गीकरणात दोघांचं कूळ आणि प्रजाती एक. आकाशात एका जागी फडफडत उभी राहणारी कापशी घार तिकडे दिसते तीच इकडे. पाण्यावर सूर मारणारा कवड्या खंड्या तोच. तरस तेच. म्हणजे नैरोबीला उतरून माणूस जे बघतो त्यातलं बरंचसं त्याच्या आज्याने घराच्या मागे बघितलेलं होतं.

आता आपण इतिहासात शिरू. दख्खनच्या या पठारावरच्या प्राण्या-पक्ष्यांची पहिली शास्त्रीय यादी कोणी केली? विल्यम हेन्री साइक्स नावाच्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने. जन्म १७९०, मृत्यू १८७२. कोवळ्या वयात मुंबईच्या सैन्यात भरती झाला. १८१७ साली खडकीला पेशवाईचा निकाल लागला, त्या लढाईत तो होता. म्हणजे आपल्या दृष्टीने बघितलं तर शत्रूपक्षातला माणूस. पुढे १८२४ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने त्याला एक वेगळंच काम दिलं. नव्याने ताब्यात आलेल्या या मुलखाची आकडेवारी गोळा कर, लोकसंख्या किती, जमिनीची वहिवाट कशी, वजनं-मापं कोणती, पाऊस किती, सगळं. साइक्स घोड्यावर बसून पुणे आणि नगरच्या मुलखात वर्षानुवर्षे फिरला. १८२९ च्या अखेरीस सरकारने खर्च वाचवायला ते खातंच बंद केलं. तरी तो थांबला नाही, स्वतःच्या हौसेने काम पूर्ण केलं आणि १८३१ मध्ये विलायतेला गेला.

जाताना त्याच्या पेट्यांमध्ये आकडेवारीबरोबर आपल्या माळावरचे प्राणी होते. मेलेले, पेंढा भरलेले. हे विसरायचं नाही. त्या काळी बघणं म्हणजे आधी गोळी घालणं होतं. त्यातून १८३१ आणि १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कामकाजात त्याच्या दोन याद्या छापल्या गेल्या, एक सस्तन प्राण्यांची, एक पक्ष्यांची. पुढे १८३९ मध्ये माशांवरचं काम आलं. दख्खनला तो ‘डखन’ म्हणतो, म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडून ऐकला तसा शब्द त्याने लिहिला.

या याद्यांमध्ये काय आहे ते आपण जरा सावकाश बघू, कारण ते आपल्या घरचं आहे. माळावरचा चिंकारा, ज्याला तेव्हा मराठीत काळशेपी म्हणत, त्याचं शास्त्रीय वर्णन जगात प्रथम साइक्सने केलं. आजही जगभर त्या हरणाच्या लॅटिन नावापुढे कंसात साइक्स, १८३१ असं लिहितात. भारतीय लांडगा, तोही त्याचाच. रानकुत्रा, ज्याला आपण कोळसुंदा म्हणतो, त्याचं त्याने ठेवलेलं नाव ‘डखुनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा. खोकडाचं नाव त्याने ‘कोक्री’ असं ठेवलं होतं, ते पुढे टिकलं नाही, पण शब्द कुठून आला हे सांगायला नको.

पक्ष्यांमध्ये तर मौज आहे. रातव्याच्या एका जातीला त्याने ‘मराट्टेन्सिस’ म्हटलं, म्हणजे मराठा देशाचा. हळद्याला ‘कुंडू’. खडकाळ माळावरच्या लाव्याला ‘अर्गूंडा’. गावावर घिरट्या घालणाऱ्या आपल्या घारीला त्याने नाव दिलं ‘गोविंदा’. तुरेवाल्या चंडोलाला ‘देवा’. झुडपात वटवट करणाऱ्या एका इवल्या पाखराला ‘रामा’. गोविंदा, देवा, रामा! सकाळी ओसरीवरून हाका माराव्यात तशी ही नावं आज जगातल्या प्रत्येक पक्षिशास्त्राच्या ग्रंथात लॅटिन वळणाने बसलेली आहेत. तळ्याकाठी भुरकट होऊन बसणारी आणि उडाली की एकदम पांढरी दिसणारी ढोकरी, राखी वटवट्या, सातभाईंमधला मोठा राखी, यांचीही पहिली शास्त्रीय नोंद त्याचीच.

मासे घ्या. शिंगाळा आपण बाजारात विकत घेतो. त्याच्या लॅटिन नावातही ‘सीनघाला’ हाच शब्द आहे, साइक्सने कोळ्यांकडून ऐकून घेतलेला. ‘कोळस’ तसाच. खुद्री नावाचा मोठा महासीर त्याला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला. आणि ‘मुसुल्ला’ नावाचा एक मासा त्याने वर्णिला तो कुठला? आपल्या घोड नदीतला, शिरूरचा. तेव्हा शिरूरला इंग्रजांची छावणी होती. त्या छावणीच्या काठावरच्या नदीचं नाव जगाच्या मत्स्यशास्त्रात कायमचं नोंदलं गेलं. शिरूरच्या किती शाळांमध्ये हे सांगितलं जातं, हा प्रश्न आम्ही विचारून ठेवतो.

आणि एक योगायोग. केनियाच्या डोंगरी जंगलांत आणि किनाऱ्यावर एक पांढऱ्या गळ्याचं माकड असतं. हॉटेलांच्या अंगणात येऊन पर्यटकांच्या ताटातलं उचलण्यात पटाईत. त्याचं इंग्रजी नाव साइक्सचं माकड. १८३१ मध्ये त्याचं वर्णन याच साइक्सने केलं. म्हणजे आपला माणूस मोठ्या खर्चाने केनियाला जातो, तिथे त्याच्या ताटातलं केळं पळवणारं माकडही पुण्या-शिरूरच्या माळांवर फिरलेल्या माणसाचं नाव लावून असतं.

साइक्सचा आम्ही उदोउदो करतो असं समजू नका. तो राज्यकर्त्यांचा माणूस होता, पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्षही झाला. यादी करणं हेही राज्य करण्याचंच एक साधन असतं. त्याला नावं सांगणारे पारधी, धनगर, कोळी कोण होते, ते आपल्याला माहीत नाही. नावं त्यांची, छापलं गेलं साइक्स. पण एवढं मान्य करावं लागेल की त्या नजरेला माळावर काहीतरी दिसत होतं. माळ रिकामा वाटत नव्हता.

रिकामा कधी वाटू लागला? त्याचंही उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे, शेजारच्या इंदापुरात. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून जमिनीच्या मोजणीची नवी पद्धत सुरू केली. तीच पुढे मुंबई इलाख्यात सगळीकडे गेली. मातीची खोली बघायची, रंग बघायचा, चुनखडी आहे का, दगड आहे का ते बघायचं, आणि जमिनीची प्रत आण्यांत ठरवायची. काळी कसदार जमीन सोळा आणे. मग उतरत जायचं. पद्धत तिच्या जागी हुशार होती, आधीच्या मनमानी आकारणीपेक्षा शेतकऱ्याला बरी होती, हेही खरं.

पण या नजरेत एक गोष्ट घडली. ज्या जमिनीतून सारा येत नाही, तिला नाव मिळालं खराबा. आजही तुमच्या सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलेला असतो, बघा घरी जाऊन. त्या पोटखराब्यात गवत उगवतं, गवतात लावा अंडी घालतो, गुरं चरतात, खोकड बीळ करतो. महसुलाच्या डोळ्याला त्यातलं काही दिसत नाही, कारण त्याला शोधायचंच नाही. दिसत नाही ते खराब. एकाच दहा-पंधरा वर्षांत, एकाच जिल्ह्यात, एका इंग्रजाने माळावर देवा आणि गोविंदा नोंदवले आणि दुसऱ्या इंग्रजांनी त्याच माळाला खराबा म्हटलं. दुर्दैवाने आपल्याकडे वारसा चालला तो दुसऱ्याचा. स्वातंत्र्य आलं तरी शब्द बदलला नाही. पडीक जमीन म्हणजे काहीतरी करून घ्यायची जमीन. झाडं लावा, कारखाना आणा, सौर पॅनेल टाका. गवत हे स्वतः काही आहे, हे कागदाला मान्यच नाही.

तिसरी नजर शिकाऱ्याची. शेजारच्या नगर जिल्ह्यात रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रजाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारले. त्याने हिशेब ठेवला म्हणून आकडा कळतो. एका माणसाने, एका जिल्ह्यात. आज सगळ्या देशात मिळून माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत, आणि तेही बहुतेक राजस्थानात. या आकड्यात दोन गोष्टी आहेत. एक, मारणाऱ्याची हाव. ती लगेच दिसते. दुसरी जरा विचार केल्यावर दिसते. ९६१ मारता आले, म्हणजे माळावर किती असतील?

आपले राजेरजवाडेही मागे नव्हते. काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळण्याची जुनी पद्धत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडचे चित्ते इतके कमी झाले की कोल्हापूरच्या दरबाराने आफ्रिकेतून चित्ते आणवले. आफ्रिकेचा प्राणी बघायला मराठी माणूस तिकडे जाण्याआधी तो प्राणीच इकडे आला होता, साखळी बांधून, बैलगाडीत बसून शिकारीला जायला. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला आणले गेले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा. सत्तर वर्षांत चक्र फिरून तिथेच आलं.

आफ्रिकेतली सफारी सुरुवातीपासून पवित्र होती असा गैरसमज नको. १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पूर्व आफ्रिकेत गेले. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून पाचशेहून अधिक मोठी जनावरं मारली. ती सफारीच होती. बंदुकीच्या जागी कॅमेरा यायला बराच काळ गेला. १९५१ मध्ये सेरेंगेटीचं राष्ट्रीय उद्यान झालं, आणि त्या दशकाच्या शेवटी तिथे पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारणाऱ्या मसाई लोकांना बाहेर काढण्यात आलं. पर्यटकाच्या फोटोत गवत असावं, प्राणी असावेत, पण गुरं आणि गुराखी नसावेत, अशी ती चौकट. आपल्याकडेही असंच काहीसं झालं. माळाची सगळ्यात बारीक ओळख ज्यांना होती त्या फासेपारध्यांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानंतर गुन्हेगार जमातींच्या यादीत घातलं, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांचा पोटाचा धंदा बेकायदा ठरला. शिकार थांबायलाच हवी होती, याबद्दल दुमत नाही. पण ज्याला पायाच्या ठशावरून लांडगी व्यालेली आहे की नाही हे सांगता येत होतं, त्याच्या ज्ञानाचं आपण काय केलं? कुठेही उतरवून घेतलं नाही.

आता आपल्या काळात येऊ. पाणी आलं. मुठा कालवा दौंडला आला, घोडवर चिंचणीचं धरण झालं, चासकमानचं पाणी आलं, भीमेवर १९८० मध्ये उजनी पुरं झालं. या पाण्याने काय केलं ते या सभागृहात कोणाला सांगायची गरज नाही. दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आयांची मुलं इथे बसलेली आहेत. बागायतीबद्दल हळहळ करणं शहरी माणसाला सोपं असतं, आम्ही ते करणार नाही. कारखानदारीचंही तेच. आपल्या औद्योगिक वसाहतीने गेल्या तीन दशकांत घरोघर पगार आणले.

पण हिशेब पुरा मांडायचा तर दुसरी बाजूही लिहावी लागते. माळाचा ऊस झाला. माळावरचा चिंकारा आणि लांडगा मागे सरकला, आणि उसात बिबट्या आला. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि आपला शिरूर हे चार तालुके. २००१ ते २००३ च्या सुमारास जुन्नर भागात माणसांवरचे हल्ले एकदम वाढले, तेव्हा बिबटे धरून लांबच्या जंगलांत सोडण्याचा मार्ग घेतला गेला. पुढच्या अभ्यासातून दिसलं की अशा हलवाहलवीने हल्ले कमी होण्याऐवजी वाढतात, कारण अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं. आज शिरूरमध्ये उसाच्या कडेला घर असलेली आई मुलाला संध्याकाळी अंगणात सोडत नाही. रात्रीच्या विजेवर पाणी धरायला जाणारा माणूस बॅटरी आणि काठी घेऊन जातो. मुलं गेली आहेत, माणसं गेली आहेत. त्या घरात जाऊन वन्यजीवांच्या सौंदर्यावर व्याख्यान देता येत नाही, देऊही नये.

मात्र एक ध्यानात घ्या. जनावर बघण्याचे दोनच प्रकार आपल्याकडे उरले आहेत. एक लांबच्या देशातला, जीपमध्ये बसून, सुरक्षित. दुसरा घराशेजारचा, भीतीने. या दोघांच्या मधला, रोजचा, ओळखीचा प्रकार गेला. धनगराला लांडगा माहीत होता. लांडगा मेंढरू नेतो हे माहीत होतं, त्यासाठी कुत्री होती, वाघूर होती, रात्रीची राखण होती. तो लांडग्यावर प्रेम करत नव्हता, पण त्याला ओळखत होता. ओळख आणि प्रेम या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सोबत राहायला बहुतेक वेळा ओळख पुरते.

इथे आम्ही आमच्या विषयाकडे वळतो. घाबरू नका, थोडक्यात सांगतो.

आपल्या दर्शनांमध्ये ज्ञानाची साधनं, म्हणजे प्रमाणं, किती आणि कोणती यावर मोठे वाद झाले. प्रत्यक्ष, अनुमान वगैरे तुम्ही ऐकली असतील. कुमारिल भट्टांच्या मीमांसक परंपरेने त्यांत एक सहावं प्रमाण मानलं, अनुपलब्धी. प्रश्न असा की, एखादी गोष्ट नाही हे आपल्याला कसं कळतं? जमिनीवर मडकं नाही. डोळ्याला दिसते ती नुसती जमीन. मग ‘मडकं नाही’ हे कुठून आलं? नैयायिक म्हणाले, हेही प्रत्यक्षच, वेगळं प्रमाण कशाला? वाद शेकडो वर्षे चालला. पण एका मुद्द्यावर दोन्ही बाजू जवळजवळ सारखं बोलतात. अभाव कळायला ज्याचा अभाव आहे ती वस्तू आधी माहीत असावी लागते. त्याला शास्त्रात प्रतियोगी म्हणतात. ज्याने मडकं कधी पाहिलंच नाही, त्याला ‘इथे मडकं नाही’ हे ज्ञान होणारच नाही. त्याला फक्त जमीन दिसेल, आणि ती पुरेशी वाटेल.

आता माळावर उभे राहा. ज्या म्हाताऱ्याने लहानपणी माळढोक चालताना पाहिला, त्याला आज माळावर माळढोक नाही हे दिसतं. त्याच्या मुलाने गोष्टीत ऐकला, त्याला जरासं दिसतं. नातवाने नावही ऐकलं नाही. त्याला माळ दिसतो, पूर्ण, काहीही कमी नसलेला. मग कोणी म्हणालं की इथे काहीच नाही, वापरून टाका, तर त्याला ते खरंच वाटणार, त्यात त्याचा काय दोष? पोटखराबा हा शब्द कागदावर लिहिला गेला १८३० च्या दशकात, पण तो खरा होतो आहे आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत. प्राणी गेल्याने होतं ते नुकसान एक. तो गेला हे कळेनासं होणं हे दुसरं, आणि ते भरून काढता येत नाही.

इतिहासाचं काम इथे सुरू होतं. साइक्सची यादी म्हणजे प्रतियोगींची यादी आहे. दोनशे वर्षांपूर्वी इथे काय होतं ते ती सांगते, म्हणून आज काय नाही ते दिसू शकतं. मॅन्सफिल्डच्या त्या निर्दय हिशेबाचाही, विचित्र वाटेल, पण हाच उपयोग आहे.

सगळंच गेलं असं मात्र नाही. मोरगावपासून अष्टविनायकाची यात्रा सुरू करायची प्रथा आहे, आणि आपला रांजणगावचा महागणपती आठवा. मोरगावहून सुपे, चौफुला, न्हावरे करत गाड्या इकडे येतात. त्या वाटेवर सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ मध्ये जाहीर झालेलं. क्षेत्र पाच चौरस किलोमीटरांहून थोडं जास्त. मसाई मारा सुमारे दीड हजार चौरस किलोमीटर. म्हणजे त्याच्या तुलनेत हे अंगण म्हणायचं. पण त्या अंगणात चिंकारा आहे, साइक्सने जगाला सांगितलेला तोच. लाखो भाविक बाजूने जातात. मोरावर बसणाऱ्या गणपतीचं नाव त्या रानाला आहे, तरी गाडीची काच खाली होत नाही. भीमेपलीकडे कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य आहे, १९८० पासून, तेही इवलंसं. आपल्याच तालुक्यात मोराची चिंचोली आहे, जिथे लोकांनी चिंचेच्या झाडांखाली मोर सांभाळले, कोणत्याही अभयारण्याची पाटी न लावता. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, आणि कोळ्यांची मुलं होडीतून ते दाखवून चार पैसे मिळवतात. धरणाने गावं बुडवली, आणि त्याच पाण्यावर हे पक्षी आले. इतिहास असा सरळ रेषेत चालत नाही.

अलीकडे वन विभागाने इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ माळाची सफारी सुरू केली आहे. वाटाड्ये तिथलेच तरुण. आम्हाला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. लांडगा, चिंकारा, खोकड, तरस दिसेल किंवा नाही दिसणार, पण ज्या तरुणाला कालपर्यंत माळ म्हणजे काहीच नाही असं सांगितलं गेलं, तो आज पाहुण्याला बोट दाखवून सांगतो की हे काय आहे. बघणं परत सुरू झालं, ते असं.

शेवटी एक काम सांगतो आणि थांबतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. गावात कोणती झाडं, कोणते पक्षी, कोणते मासे, कोणती बियाणी, हे गावानेच लिहायचं. बऱ्याच ठिकाणी ती वही कोणीतरी ठेका घेऊन भरून टाकतं, इथून तिथून उतरवून. आपल्या गावांनी ती खरी भरावी. आणि तिच्यात एक रकाना जास्तीचा आखावा. ‘होते, आता दिसत नाही.’

हा रकाना भरायला प्राणिशास्त्रज्ञ लागत नाही. सत्तर-ऐंशी वर्षांची माणसं लागतात, आणि त्यांच्याजवळ बसून विचारणारी पोरं. घोड नदीत पूर्वी कोणते मासे यायचे? माळावर रात्री कोण ओरडायचं? गवतातून पायाशी भुर्रकन उडायचं त्याला तुम्ही काय म्हणायचात? तुमचा शब्द लिहा, पुस्तकातला नको. एकेकाळी अशीच विचारपूस एका परक्या माणसाने केली, म्हणून गोविंदा आणि देवा जगाच्या ग्रंथांत गेले. ही माणसं अजून दहा-पंधरा वर्षे आपल्यात आहेत, आम्हीही त्यांतलेच एक. त्यानंतर हा रकाना कोणालाही भरता येणार नाही, कारण काय भरायचं हेच माहीत नसेल.

केनियाला जरूर जा. कोरी बस्टर्ड दिसला तर त्याला नीट बघून घ्या, आणि परत आल्यावर घरातल्या म्हाताऱ्यांना तो फोटो दाखवून विचारा, असलं काही आपल्याकडे होतं का? ते काय सांगतील ते लिहून ठेवा.

आता काही प्रश्न असतील तर विचारा.